फूटपाथवरचं पितळ

ठाणे-नवी मुंबईतून दर वर्षी बरीच मुलं एमएस करायला जर्मनीला जातात. ऐरोली-घणसोलीच्या कंपन्यांतली माणसं सहा-सहा महिन्यांच्या प्रोजेक्टवर बर्लिन, हॅम्बुर्गला जाऊन येतात. तिथून व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो हमखास येतो: फूटपाथच्या दगडांत बसवलेला तळहाताएवढा पितळी चौकोन, त्यावर एक नाव आणि दोन-तीन सालं. फोटोखालचे प्रश्नही ठरलेले. हे काय आहे? यावर पाय पडला तर? काळं पडलंय, पुसलं तर चालेल का, आणि कशाने?

हे श्टोल्परश्टाइन, शब्दशः ठेचेचे दगड. नाझी राजवटीने ज्यांना पकडून नेलं, मारलं, देशाबाहेर हाकललं किंवा जीव द्यायला भाग पाडलं, त्यांच्या राहत्या घराच्या दाराबाहेर बसवलेले दगड. नावात ठेच असली तरी पायाला ती लागत नाही, दगड फरशीच्या पातळीतच असतो.

कल्पना गुंटर डेम्निग या कलाकाराची. मे १९४० मध्ये कोलोनमधून एक हजार सिंती आणि रोमा लोकांना, म्हणजे ज्यांना 'जिप्सी' म्हणत त्या समाजातल्या लोकांना, हद्दपार केलं गेलं. त्यांना ज्या वाटेने नेलं त्या वाटेवर डेम्निगनी १९९० मध्ये रंगाने अक्षरांची एक लांब रेघ उमटवली. रंग टिकणार नव्हताच, आणि तिथूनच धातूचा विचार पुढे आला. पहिला दगड १६ डिसेंबर १९९२ रोजी कोलोनच्या जुन्या टाउन हॉलसमोर बसला. त्यावर कुणाचं नाव नव्हतं. सिंती-रोमांना छावणीत धाडण्याचा नाझी पोलिसप्रमुख हिमलरचा जो हुकूम बरोबर पन्नास वर्षांपूर्वी निघाला होता, त्याच्या सुरुवातीच्या ओळी होत्या. म्हणजे आज बहुतेक लोक हे दगड फक्त ज्यूंचे समजतात, पण सुरुवात रोमांपासून झाली. पुढे नावांचे दगड आले. १९९६ मध्ये बर्लिनच्या क्रॉइट्सबेर्गमध्ये पन्नासेक दगड पालिकेला न विचारताच बसवले गेले, परवानगी मागाहून मिळाली. एक लाखावा दगड २६ मे २०२३ रोजी न्यूरेंबर्गला बसला. एकट्या बर्लिनमध्येच दहा हजारांहून जास्त आहेत.

आता मुद्द्याचं. या कामाचा जीव एका अटीत आहे: माणसाने स्वतःच्या मर्जीने निवडलेलं जे शेवटचं घर, त्याच्या दारासमोर दगड बसतो. नाव शोधणं तुलनेने सोपं असतं. खरी मेहनत पत्त्याची, आणि चुकाही तिथेच होतात.

पत्ता कुठे फसवतो

हद्दपारीच्या यादीत नावापुढे जो पत्ता असतो तो घ्यायचा आणि मोकळं व्हायचं, असं वाटतं. तसं केलं तर बऱ्याचदा चुकतं. ३० एप्रिल १९३९ च्या कायद्याने ज्यू भाडेकरूंचं संरक्षण काढून घेतलं. मग त्यांना ठरावीक इमारतींत कोंबायला सुरुवात झाली, एकेका खोलीत एकेक कुटुंब. या इमारतींना 'युडनहाउस' म्हणत. काहींना तर दोन वर्षांत दोन-तीनदा बिऱ्हाड हलवावं लागलं. यादीतला पत्ता बहुतेक वेळा या सक्तीच्या बिऱ्हाडांपैकी शेवटचा असतो. ज्या रस्त्यावर तो माणूस पंधरा-वीस वर्षं राहिला, जिथल्या वाण्याला आणि शाळेतल्या बाईंना त्याचं नाव माहीत होतं, तो रस्ता या यादीत नसतो.

म्हणून उलटं मागे जावं लागतं. आधी हद्दपारीची यादी. मग १७ मे १९३९ च्या जनगणनेतली माहिती, तिच्यात आजी-आजोबा ज्यू होते का याची वेगळी पुरवणी भरून घेतली होती. मग शहराच्या छापील पत्ता-डिरेक्टऱ्या, एकेक वर्ष मागे. बर्लिनच्या डिरेक्टऱ्या स्कॅन करून नेटवर ठेवलेल्या आहेत. १९३९ ला एक रस्ता, १९३७ ला दुसरा, आणि १९२६ ते १९३६ तिसराच असं दिसलं, तर तिसऱ्याकडे नीट बघायचं. एक सावधगिरी: डिरेक्टरीत कुटुंबप्रमुखाचं किंवा मुख्य भाडेकरूचंच नाव छापत. बायको, मुलं, पोटभाडेकरू, पेइंग गेस्ट यांची नावं त्यात सापडत नाहीत. नाव नाही म्हणजे माणूस तिथे राहत नव्हता, असा अर्थ काढू नये.

बर्लिन आणि आसपासच्या लोकांसाठी सगळ्यात भरीव कागद म्हणजे मालमत्तेचं जाहीरपत्र. हद्दपारीच्या आधी प्रत्येकाकडून ते भरून घेत: किती खुर्च्या, किती चादरी, किती शर्ट, बँकेत किती. माणूस गेला की सरकारने सगळं जप्त करून विकायचं, त्याची ही पूर्वतयारी. या फायली पॉट्सडामच्या ब्रांडेनबुर्ग राज्य अभिलेखागारात आहेत. त्यात घरभाडं, घरमालकाचं नाव आणि कधीकधी त्या घरात कधीपासून राहतो हेही सापडतं.

पत्ता मिळाला तरी घर मिळेलच असं नाही. बर्लिनच्या जुन्या रस्त्यांवर घरांचे नंबर एका बाजूने चढत जातात आणि टोकाला वळून दुसऱ्या बाजूने परत येतात. म्हणजे १ नंबरच्या समोर १२० असू शकतो. सम-विषमच्या हिशेबाने जाणारा इथे हमखास चुकीच्या बाजूला उभा राहतो. शिवाय बॉम्बहल्ल्यांत अख्ख्या गल्ल्या गेल्या, नंबर बदलले, रस्त्यांची नावं १९३३ ला बदलली, १९४५ नंतर पुन्हा बदलली, पूर्व बर्लिनमध्ये १९९० नंतर आणखी एकदा. त्या काळचा नकाशा आजच्या नकाशावर ठेवून पाहिल्याशिवाय जागा पक्की धरू नये. इमारत उरलीच नसेल तर तिचं दार जिथे होतं तिथे दगड बसतो. सुपरमार्केटच्या पार्किंगपाशी चार पितळी चौकोन दिसले तर त्यात चूक काही नाही.

नावातही एक सापळा आहे. ऑगस्ट १९३८ च्या हुकुमाने, १ जानेवारी १९३९ पासून, ज्यू पुरुषांना 'इस्राएल' आणि बायकांना 'सारा' हे जादा नाव लावणं सक्तीचं झालं. त्यानंतरच्या प्रत्येक सरकारी कागदावर ते दिसतं. कागदावर 'सारा' आहे म्हणून तिचं नाव सारा होतं असं नाही. दगडावर ते कोरायचं नाही आणि माहिती लिहितानाही वापरायचं नाही. नाझींनी लादलेलं नाव आपणच पुढे चालवायचं कशाला?

मृत्यूची तारीख सगळ्यात बेभरवशाची निघते ती मानसिक आजारी आणि अपंग लोकांच्या बाबतीत. जानेवारी १९४० ते ऑगस्ट १९४१ या काळात ग्राफेनेक, ब्रांडेनबुर्ग, हार्टहाइम, पिर्ना-झोननश्टाइन, बर्नबुर्ग आणि हाडामार या सहा ठिकाणी सत्तर हजारांहून अधिक लोकांना वायूने मारलं. घरच्यांना पत्र जायचं ते न्यूमोनियाने किंवा अपेंडिक्स फुटून गेल्याचं, बनावट तारखेचं, कधी तर भलत्याच केंद्रातून. नोंदणी कार्यालयाचा दाखला इथे पुरावा म्हणून धरता येत नाही. दवाखान्यातून हलवल्याची तारीख शोधावी लागते, खरा दिवस बहुधा तोच किंवा त्याच्या लगतचा असतो.

दगड वाचताना

पहिली ओळ बहुतेक 'हीर व्होन्टे', म्हणजे इथे राहत होते. शाळेसमोर असेल तर 'इथे शिकत होते', कारखाना-दवाखान्यासमोर असेल तर 'इथे काम करत होते'. मग नाव. बाईंच्या नावाखाली 'गेब.' असेल तर पुढचं आडनाव माहेरचं. जे आणि जी ही दोन अक्षरं म्हणजे यारगांग, जन्मसाल. पूर्ण जन्मतारीख शक्यतो नसते, जागाच नाही. मग 'डेपोर्टीर्ट', म्हणजे हद्दपार केलं, साल आणि ठिकाण. शेवटी 'एरमोर्डेट', खून झाला. 'मरण पावले' असं गुळमुळीत लिहायचं नाही, यावर या प्रकल्पाचा कटाक्ष आहे आणि मला तो पूर्ण पटतो.

'शुट्सहाफ्ट' हा शब्द दिसला तर शब्दकोशात 'संरक्षणासाठी कोठडी' असा अर्थ मिळेल. प्रत्यक्षात ना आरोप, ना कोर्ट, सरळ छळछावणी. साल १९३८ आणि ठिकाण डाखाउ, बुखेनवाल्ड किंवा झाक्सेनहाउझेन असेल, तर तो बहुधा नोव्हेंबर १९३८ च्या दंगलीनंतर पकडलेल्या तीसेक हजार ज्यू पुरुषांपैकी एक. 'फ्लुख्ट' म्हणजे पळ काढला, पुढे साल आणि देश येतो. पण 'फ्लुख्ट इन डेन टोड' असेल तर अर्थ पार बदलतो: हद्दपारीची नोटीस आल्यावर त्यांनी जीव दिला. त्यांनाही नाझींचेच बळी मानतात, म्हणून दगड आहे. 'आइनगेव्हीझन' म्हणजे दवाखान्यात भरती केलं. ही ओळ पाहिली की वरच्या सहा केंद्रांपैकी एखादं नाव खाली शोधायचं. 'युबरलेब्ट' म्हणजे वाचले.

वाचलेल्याचा दगड कशाला, असं विचारलं जातं. कुटुंब एकत्र ठेवायचं म्हणून. वडील आउश्वित्झला, आई त्यांच्याबरोबर, मुलगी १९३९ मध्ये ज्यू मुलांना देशाबाहेर काढणाऱ्या गाडीने इंग्लंडला, असं असेल तर तिघांचे दगड शेजारी-शेजारी बसतात. चौघांचे चार दगड आणि चार वेगळे देश, असंही दिसतं.

धर्म सहसा कोरलेला नसतो. ज्यू, यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाचे लोक, कम्युनिस्ट, समलिंगी पुरुष, फाशी दिलेले सैनिक, सगळे एकाच मापाचे. ओळखायचं ते ठिकाणांवरून आणि शब्दांवरून. एका गोष्टीवर मात्र टीका झालेली आहे: काही दगडांवर त्या माणसावर ठेवलेला आरोप नाझींच्याच भाषेत, अवतरणचिन्हांत कोरलेला आहे. वाटेने जाणाऱ्याला ती दोन टिंबं दिसणार नाहीत आणि शिवी तेवढी दिसेल, असं नातेवाइकांचं म्हणणं. ते बरोबर आहे असं मला वाटतं. दहा सेंटिमीटरच्या दगडावर उपरोध टिकत नाही.

घडवणं आणि बसवणं

वरचा पत्रा ९६ बाय ९६ मिलिमीटर, पितळेचा, जाडी साधारण एक मिलिमीटर. अक्षरं पोलादी पंचाने, हातोडीचा एकेक घाव घालून उठवलेली, म्हणून ओळीत एखादं अक्षर किंचित तिरकं दिसतं. आपल्याकडे जुन्या तांब्या-पितळेच्या भांड्यांवर ठोकून घातलेली नावं असतात, त्याच जातीचं काम. मशीनने छापायला नकार आहे तो ठरवून दिलेला: मारण्याचं काम कारखान्यासारखं झालं, आठवण तशी बनवायची नाही. कित्येक वर्षं हे काम बर्लिनमधल्या एका छोट्या कार्यशाळेत एक शिल्पकार हाताने करत आला आहे. पत्र्याच्या कडा खाली वळवून काँक्रीटमध्ये रुतवतात, त्यामुळे पत्रा वरून उचकटता येत नाही. खालचा ठोकळा सुमारे दहा सेंटिमीटर उंचीचा, वजन सव्वादोन-अडीच किलोच्या आसपास.

आपल्या फूटपाथवरचा पेव्हर ब्लॉक सहसा साठ मिलिमीटर जाडीचा असतो आणि नुसत्या वाळूवर, शेजाऱ्यांच्या आधाराने बसतो. हा ठोकळा त्याहून खोल जातो आणि सहसा मसाल्यात बसतो, म्हणून नुसत्या स्क्रू-ड्रायव्हरने निघत नाही. बसवताना आधी जागेवरचे दोन-चार दगड काढतात, खड्डा ठोकळ्यापेक्षा थोडा खोल घेतात, तळाला वाळू-खडीचा थर आणि लवकर आवळणारा सिमेंटचा मसाला, मग ठोकळा ठेवून रबरी हातोडीने ठोकत पातळीत आणायचा. बाजूच्या फटी बारीक दगड आणि मसाल्याने भरायच्या, ओल्या कापडाने पत्रा लगेच पुसायचा. सिमेंटचा राप अक्षरांत वाळला तर तो काढताना पत्राच खरवडतो. मोजकी मिनिटं लागतात. जमलेले लोक नाव आणि माहिती वाचेपर्यंत काम उरकलेलं असतं.

पातळी चुकली की पुढे त्रास. दोन-तीन मिलिमीटर वर राहिला तर पावलं अडतात आणि हिवाळ्यात बर्फ काढणारा फाळ कडेला लागतो. खाली गेला तर पाणी आणि चिखल साचून वर्षभरात काळाठिक्कर. अखंड मोठ्या लाद्यांच्या किंवा डांबरी फूटपाथवर आधी कटरने चौकोन कापून घ्यावा लागतो, ते आयत्या वेळी सुचून चालत नाही.

खर्च बरीच वर्षं एका दगडाला १२० युरो होता, नंतर थोडा वाढला. पैसे कुणीही देऊ शकतो, जर्मन नागरिक असायची गरज नाही. पण पैसे हा सगळ्यात सोपा भाग. स्थानिक गटाने संशोधन करायचं, नातेवाईक हयात असतील तर त्यांना शोधून त्यांची संमती घ्यायची, पालिकेची परवानगी काढायची, मजकूर मंजूर व्हायचा, मग घडवण्याची रांग. मोठ्या शहरांत ही रांग काही वर्षांची असते. 'मी ऑक्टोबरपर्यंतच इथे आहे, तोवर एक बसवून टाकू' हे होत नाही. त्यापेक्षा स्थानिक गटाला जुने कागद वाचायला मदत केलेली बरी. बसवल्यानंतर दगड पालिकेच्या मालकीचा होतो. फूटपाथ खोदला जातो तेव्हा दगड काढून जपून ठेवणं आणि परत त्याच दारासमोर बसवणं ही जबाबदारी त्यांचीच, पण लक्ष ठेवावं लागतं. केबलच्या कामानंतर दगड शेजारच्या दारासमोर बसू शकतो किंवा उलटा फिरू शकतो. कामाआधी काढलेला एक फोटो, दार आणि घरनंबर दिसेल असा, इथे फार उपयोगी पडतो.

चोऱ्याही झाल्या आहेत. २०१२ मध्ये ग्राइफ्सवाल्डचे अकराच्या अकरा दगड उखडून नेले. २०१७ मध्ये बर्लिनच्या नॉयकोल्नमधून सोळा गेले. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्साइट्स गावातले दहाही गेले. भंगारासाठी नेले असतील असं कुणी म्हणालं तर हिशेब करून दाखवा: एवढ्या पत्र्यात पितळ ऐंशी ग्रॅमच्या आतबाहेर. भंगारवाला त्यासाठी अडीच किलोचा ठोकळा फोडत बसणार नाही.

पाय पडला तर

आपल्याकडच्या माणसाला हा प्रश्न सगळ्यात आधी पडतो, आणि तो भाबडा नाही. म्युनिकच्या ज्यू समाजाच्या अध्यक्ष शार्लोटे क्नोब्लोख यांचा आक्षेप अगदी हाच: ज्यांना बुटांखाली तुडवलं त्यांची नावं पुन्हा पायाखाली नकोत. म्युनिकच्या नगर परिषदेने २००४ मध्ये सार्वजनिक जागेवर हे दगड बसवायला नकार दिला आणि २०१५ मध्ये तो कायम ठेवला. म्हणून म्युनिकला प्रोजेक्टवर गेलेल्यांना फूटपाथवर हे दगड दिसत नाहीत. खासगी जागेत थोडे आहेत. त्याऐवजी २०१८ पासून तिथे डोळ्यांच्या उंचीवर, भिंतीवर पाट्या किंवा खांब लावले जातात, सोन्याचा मुलामा दिलेल्या स्टीलचे, जमल्यास फोटोसह.

डेम्निगचं उत्तर असं की नाव वाचायचं तर वाकावंच लागतं, आणि पावलांनी पितळ चकचकीत राहतं. दुसरा भाग तंत्राच्या दृष्टीने खरा आहे. वर्दळीच्या रस्त्यावरचे दगड उजळ असतात, कोपऱ्यातले काळे. पंढरपूरला संतांची पायधूळ लागावी म्हणून नामदेवांनी महाद्वाराची पायरी मागून घेतली, आणि आज त्या पायरीवर कुणी पाय ठेवत नाही. जर्मनीतही बरेच लोक दगड दिसला की बाजूने जातात, कुणी सांगितलेलं नसताना. मला स्वतःला दगड पाटीपेक्षा उजवा वाटतो, कारण पाटी लावायला घरमालकाची संमती लागू शकते आणि फूटपाथ कुणा घरमालकाचा नसतो. पण ज्यांच्या घरची माणसं गेली त्यांच्यातच यावर दोन मतं आहेत, तेव्हा बाहेरच्याने म्युनिकवाल्यांना शहाणपण शिकवायला जाऊ नये. तुमचा पाय पडला तर काही बिघडत नाही. वाकून नमस्कार करावासा वाटला तर करा.

बर्लिनमध्ये असाल तर आणखी दोन ठिकाणं चुकवू नका. शोनेबेर्गच्या बव्हेरियन क्वार्टरमध्ये दिव्याच्या खांबांवर ८० पाट्या आहेत, १९९३ पासून. एका बाजूला साधं चित्र, दुसऱ्या बाजूला त्या काळचा एखादा ज्यूविरोधी हुकूम, तारखेसह: बाकावर बसायचं नाही, पोहायला जायचं नाही, कुत्रं-मांजर पाळायचं नाही. आणि ग्रुनेवाल्ड स्टेशनचा १७ नंबरचा प्लॅटफॉर्म. रुळांच्या कडेने १८६ लोखंडी पट्ट्या, प्रत्येकीवर तारीख, किती माणसं, कुठे. आधी फूटपाथवरचे दगड बघून मग इथे जावं, सालं जुळायला लागतात.

पुसायचं कशाने

पुसायला परवानगी लागत नाही. ९ नोव्हेंबर (१९३८ च्या दंगलीचा दिवस) आणि २७ जानेवारी (आउश्वित्झच्या सुटकेचा दिवस) यांच्या सुमारास शाळेची मुलंसुद्धा पुसतात. साहित्य थोडंच: पाण्याची बाटली, मऊ फडकी तीन-चार, जुना मऊ टूथब्रश, धातूला लावायचं पॉलिश, हातमोजे, गुडघ्याखाली घ्यायला काहीतरी.

आधी पाण्याने माती काढा, नाहीतर वाळूचे कण पॉलिशबरोबर घासले जाऊन चरे पडतात. कोरडं करा. शेजारच्या दगडांवर कागदी चिकटपट्टी लावलीत तर उत्तम, पॉलिशचा काळा राप दगडात शिरला की निघत नाही. वाटाण्याएवढं पॉलिश फडक्यावर घेऊन गोल-गोल घासा, ब्रासो किंवा तिथल्या दुकानात मिळणारं तसलंच काही. काळं निघालं की स्वच्छ फडक्याने पुसा, अक्षरांतला राप टूथब्रशने काढा. तो राहिला तर वाळून पांढरा होतो आणि नाव वाचता येत नाही. शेवटी ओलं फडकं, मग कोरडं. एका दगडाला पाच-सात मिनिटं. फार जुना काळा थर एका बैठकीत पूर्ण निघालाच पाहिजे असा हट्ट नको, अक्षरं वाचता आली की काम झालं.

आता ठाणेकराचा प्रश्न: पितांबरी, चिंच, लिंबू-मीठ? घरच्या समईला ठीक, कारण समई आपण नळाखाली धरून खळखळून धुतो. फूटपाथवर ते होत नाही. आंबट पदार्थ अक्षरांच्या खाचांत राहिला तर पितळेतलं जस्त खाल्लं जाऊन लालसर डाग पडतात, आणि बाजूच्या सिमेंटच्या फटीही आंबटाने झिजतात. तारेची घासणी अजिबात नको. वरून लॅकर किंवा व्हार्निश मारायची हुशारीही नको, ते पापुद्रे धरून सुटतं आणि ओलं असताना पाय घसरतो. शून्याखाली तापमान असेल तर पाणी ओतू नका, तिथेच बर्फ होतो. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने पितळ लवकर काळवंडतं, म्हणून मार्चमध्ये एकदा पुसलेलं जास्त टिकतं.

फूल ठेवलं तर चालतं, पांढरं गुलाब ठेवायची पद्धत आहे. मेणबत्ती पत्र्यावर नको, शेजारी, काचेत ठेवून. हळद-कुंकू वाहू नका. ही समाधी नाही, आणि कुंकू खाचांत बसलं की टूथब्रशनेही सुटत नाही. आणि स्वस्तिक, मग ते रांगोळीचं असो की पिशवीवर छापलेलं, त्या दगडापाशी कृपा करून नको. आपल्या स्वस्तिकाचा अर्थ वेगळा, हे तिथे उभं राहून समजावायची वेळ येऊ देऊ नये. नाझी चिन्हांवर जर्मनीत कायद्याने बंदी आहे, आणि वरच्या मजल्यावरून बघणाऱ्या आजींना दोन्हीतला फरक दिसणार नाही.

ठाण्यात बसून

टेंभी नाक्याजवळचं शआर हशामायिम सिनेगॉग १८७९ चं. ठाण्यातले बेने इस्राएल ज्यू घरात मराठी बोलतात, कोकणातल्या गावांवरून त्यांची आडनावं आहेत, शनिवार तेली म्हणून त्यांना शेजाऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या ओळखलं. त्यांच्या इतिहासात छळछावणी नाही. ज्यू शेजारी भेटला म्हणून 'तुमच्या घरचं कोण गेलं हो त्यात?' असं विचारू नये. तसंच कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या पोलिश छावणीचं. ती माणसं सोव्हिएत राजवटीने सायबेरियात नेलेली होती आणि तिथून सुटून आली होती. त्यांची गोष्ट मोठी आहे, पण ती नाझी हद्दपारीच्या खात्यात टाकता येत नाही.

नाझींपासून पळून मुंबईत आलेले ज्यू मात्र होते. त्यांच्या मदतीला १९३४ मध्ये मुंबईत ज्यूइश रिलीफ असोसिएशन उभी राहिली. आकाशवाणीची ओळखधून ज्यांच्या नावावर आहे ते वॉल्टर काउफमन १९३४ मध्येच मुंबईत आले. १९३९ ला युद्ध सुरू झाल्यावर इंग्रज सरकारने जर्मन पासपोर्टवाल्यांना शत्रूदेशाचे नागरिक म्हणून नजरकैदेत टाकलं, त्यात हिटलरपासूनच पळालेले ज्यूही सापडले. अहमदनगरची छावणी, पुढे पुरंदर आणि सातारा. अशा माणसाचं जर्मनीतलं शेवटचं घर शोधायचं तर इकडचे कागद तिकडच्या गटांना हवे असतात. तुमच्या ओळखीत जुन्या पेटीत कुणा जर्मन किंवा ऑस्ट्रियन डॉक्टरची, संगीतशिक्षकाची पत्रं असतील तर पाकिटं फेकू नका. पाठवणाऱ्याचा पत्ता आणि पोस्टाच्या शिक्क्यावरची तारीख, पत्त्याच्या शोधात याहून मजबूत धागा क्वचित मिळतो.

आणि ज्यांना काहीच ओळख नाही त्यांच्यासाठी एक काम घोडबंदर रोडच्या फ्लॅटमध्ये बसूनही होतं. जर्मनीतल्या बाड आरोल्सनच्या आरोल्सन आर्काइव्ह्ज या अभिलेखागारात नाझींनी छळलेल्या सुमारे १ कोटी ७५ लाख लोकांची माहिती असलेले कागद आहेत. २०२० पासून 'एव्हरी नेम काउंट्स' या उपक्रमात जगभरचे स्वयंसेवक स्कॅन केलेल्या कैदी-कार्डांवरची नावं, जन्मतारखा, पत्ते टाइप करतात, म्हणजे ती शोधता येतात. इंग्रजी पुरतं, जर्मन यायला हवं असं नाही. काही गोष्टी आधी कळल्या तर चुका कमी होतात. जर्मन १ ला लांब तिरकी चढती रेघ असते, तो आपल्याला ७ वाटतो. त्यांच्या ७ ला मधोमध आडवी रेघ असते. तारखा आपल्यासारख्याच, आधी दिवस. जुन्या वळणाच्या हस्ताक्षरात ई हे अक्षर एनसारखं दिसतं, आणि यू वर एक छोटी कमान असते. टायपलेली कार्डं आधी घ्या, हाती लिहिलेली नंतर. एकच कार्ड एकाहून अधिक लोकांकडे जातं आणि नोंदी ताडून पाहिल्या जातात, म्हणून घाबरायचं कारण नाही. मात्र स्पेलिंग चुकलंय असं वाटलं तरी दुरुस्त करू नका, कागदावर आहे तसंच उतरवा. शहाण्या माणसाने मनानेच सुधारलेलं नाव दुसऱ्या नोंदीशी जुळत नाही, आणि ते कार्ड पुन्हा तपासणीच्या रांगेत जातं.